पोट सुटले, आता कोणता व्यायाम?

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न आमच्यापर्यंत निरनिराळ्या तोंडांनी आला. पालकसभा संपल्यावर मागे थांबलेल्या एका भगिनीने विचारले, "दोरीवरच्या उड्यांनी पोट जाते का हो?" एका चाचांना हप्त्यावर ट्रेडमिल मिळत होती, ती घ्यावी की नाही हे ठरत नव्हते. बारावी झालेल्या एका पोराने मोबाइलवर पाहिले होते की सकाळी उपाशीपोटी धावले की चरबी झपाट्याने जळते. अम्मीला सांगण्याआधी त्याला खात्री करून घ्यायची होती. तिघांना हवे होते ते एकच: चरबी जाळणारा नेमका व्यायाम कोणता?

घाईत असलेल्या वाचकांसाठी उत्तर आधीच देतो. चरबी उतरवण्याचा असा एकच खास व्यायाम नाही. ज्याने श्वास वाढतो, आणि तरीही जो आठवड्यातून पाच दिवस, बाराही महिने, गुडघे न दुखवता आणि घरची घडी न मोडता करता येतो, तो आपला व्यायाम. बहुतेकांच्या बाबतीत तो भरभर चालणे हाच निघतो. मात्र बाजारातून पिशवी हलवत रमतगमत येणे म्हणजे हे चालणे नव्हे. फरक कुठे आहे आणि तो का आहे, ते या महिन्याच्या सदरात पाहू.

प्रश्न केवळ दिसण्याचा असता तर आम्ही एवढी पाने खर्ची घातली नसती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात देशातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची साडेतेरा कोटींच्या वर निघाली. आपापल्या मोहल्ल्यात नजर टाकली तर हे आकडे परके वाटत नाहीत. चाळिशीत शुगर, पंचेचाळिशीत बीपीची गोळी, पन्नाशीत छातीत दुखणे, असे एक तरी घर प्रत्येकाच्या ओळखीचे आहे. आणि यातली कितीतरी माणसे लठ्ठ नव्हती. हातपाय काटकुळे, पोट मात्र पुढे. इथूनच सुरुवात करायला हवी.

एकाच वजनाचे दोन डॉक्टर

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मधुमेहावर अनेक वर्षे संशोधन केले आहे. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा म्हणजे बीएमआय. तो दोघांचाही जवळजवळ सारखाच, बावीसच्या आसपास. म्हणजे कागदावर दोघेही सडपातळ, दोघेही ठणठणीत. पण यंत्राने अंगातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून अधिक!

त्याचे एक कारणही त्यांनी मिश्कीलपणे तिथेच नोंदवले. युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचे दार बंद व्हायच्या आत धावत जाऊन तिला गाठणे. दुसरी शक्यता त्यांनी अशी मांडली की याज्ञिक यांचे जन्माच्या वेळचे वजनच कमी होते. ही दुसरी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ सालापासून याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गरोदर माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास करत आले. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. पण आपली ही बाळे सगळ्याच बाबतीत लहान नव्हती. त्यांचे स्नायू कमी भरले होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. हाच बांधा पुढे मोठेपणी बसून खाल्ले की पोटावर उतरतो.

यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली, वजनकाट्यावर पूर्ण विश्वास टाकू नका. शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचे वरचे टोक यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. भारतीय पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा आणि स्त्रीचा ८० च्या आत. दुसरी गोष्ट, आपल्याकडे स्नायूंची शिल्लक मुळातच कमी असते. म्हणून उपाशी राहून आणि नुसते धावून वजन उतरवणे आपल्याला महागात पडते. चरबीबरोबर स्नायूही जातात. चालण्याला ताकदीच्या व्यायामाची जोड हवी, ती याचसाठी. त्याकडे पुढे येतोच.

चरबी जळते म्हणजे काय होते?

आधी दोन गैरसमज दूर करू. पोटाला प्लास्टिक गुंडाळून किंवा जाड पट्टा बांधून चालणारे आपण पाहतो. घाम खूप येतो, काटा अर्धा किलो कमी दाखवतो, आणि दोन तांबे पाणी प्यायले की तो अर्धा किलो परत येतो. घाम म्हणजे वितळलेली चरबी नव्हे. मग चरबी जाते कुठे? २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी हा हिशेब मांडून दाखवला. दहा किलो चरबी शरीरात पूर्ण वापरली गेली, तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेली १.६ किलो पाणी होऊन जाते. थोडक्यात, चरबी नाकातोंडावाटे जाते. ज्या व्यायामाने श्वास वाढतो तो कामाचा, एवढे लक्षात ठेवले तरी पट्ट्याचे पैसे वाचतील.

दुसरा गैरसमज असा की पोटाचे व्यायाम केले म्हणजे पोटाचीच चरबी उतरते. टेनिसपटूंच्या हातांची तपासणी १९७१ साली झाली होती. त्यांचा एक हात वर्षानुवर्षे राबलेला, दुसरा तेवढा नाही. राबलेल्या हाताचे स्नायू मोठे होते, पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांवर सारखीच. शरीर चरबी कुठून काढायची ते स्वतः ठरवते. आपण बोट दाखवून उपयोग नाही. यात एक दिलासाही आहे. नियमित धाप लागेल अशा व्यायामाने आतड्यांभोवतीची, म्हणजे सगळ्यात घातक चरबी कमी होते, आणि कधी कधी वजन फारसे न हलताही ती कमी होते. म्हणून तर टेप महत्त्वाची.

हळू की जोरात?

जिममधल्या यंत्रांवर 'फॅट बर्निंग झोन' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ लोक असा लावतात की हळू चालले तरच चरबी जळते, जोरात चालले तर साखर जळते. यात अर्धे सत्य आहे. एक गणित घालतो. समजा अर्धा तास हळू चाललात आणि १०० कॅलरी खर्च झाल्या. त्यातल्या ६० टक्के चरबीतून आल्या, म्हणजे ६० कॅलरी. तोच अर्धा तास जोरात चाललात आणि २०० खर्च झाल्या. चरबीचा वाटा ४० टक्क्यांवर उतरला. २०० चे ४० टक्के किती? ८० कॅलरी. टक्का घटला, पण हाती आलेली रक्कम वाढली. शाळेतल्या मुलांनाही आम्ही हेच सांगत असतो की टक्के पाहण्याआधी एकूण गुण किती ते पाहा. शिवाय दिवसाच्या चोवीस तासांत शरीर हा हिशेब पुन्हा सारखा करते. म्हणून झोनच्या नादी लागू नये.

उपाशीपोटी धावण्याचेही तसेच. २०१४ साली झालेल्या एका प्रयोगात तरुण मुलींचे दोन गट केले. एक उपाशीपोटी व्यायाम करी, दुसरा काही खाऊन. दोघींचे दिवसभराचे खाणे मोजून दिलेले. चार आठवड्यांनी दोन्ही गटांची चरबी सारखीच उतरली होती. ज्यांना सकाळी रिकाम्या पोटी बरे वाटते त्यांनी तसे चालावे, ज्यांना गरगरते त्यांनी दोन खजूर खाऊन निघावे. मात्र इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. रस्त्यात शुगर एकदम उतरली तर जीवावर बेतते.

मग जोर किती हवा? त्याची कसोटी सोपी आहे. चालता चालता शेजाऱ्याशी बोलता यावे, पण नज्म किंवा गाणे म्हणता येऊ नये. गाता आले तर वेग कमी आहे. दोन शब्दही नीट बोलता येत नसतील तर फार आहे. नाडी मोजता येणाऱ्यांनी २२० मधून आपले वय वजा करावे. पंचेचाळीस वयाला १७५ उरतात. त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे मिनिटाला ११२ ते १३३ ठोके. मनगटावर बोटे ठेवून पंधरा सेकंद मोजले, तर २८ ते ३३ यायला हवेत. बीपीच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच कमी पडतात; त्या घेणाऱ्यांनी बोलण्याचीच कसोटी वापरावी.

कोंडाण्याची चढण आणि रोजची वाट

आमच्या कर्जत भागात दोन प्रकारची चालणारी माणसे दिसतात. एक रविवारची. मुंबईहून लोकलने कर्जत स्टेशनवर उतरतात, पाठीवर बॅगा, पायात नवे बूट. कोंडाण्याला येतात, गावामागच्या रानातून दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्यांपर्यंत जातात. पावसाळ्यात लेण्यांच्या तोंडावर कोसळणारा धबधबा पाहतात, आणि दमदार मंडळी तशीच राजमाचीकडे चढतात. दुसरी माणसे रोजची. शेताच्या बांधावरून, मोळी घेऊन, शाळेला, बाजाराला पायी जाणारी. ही दुसरी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. दारात मोटारसायकल आली, टमटम आली, आणि जी वाट आमच्या आधीच्या पिढीने पायाखाली घातली ती आता चाकाखाली गेली. सोय झाली, यात वाद नाही. पण त्या वाटेवर जो व्यायाम आपोआप व्हायचा, तो आता मुद्दाम करावा लागतो.

या दोन चालींचा हिशेब मांडून पाहू. सत्तर किलोच्या माणसाने पाच तासांचा ट्रेक केला, तर बसून राहण्यापेक्षा अंदाजे दीड हजार कॅलरी जादा खर्च होतील. तोच माणूस रोज फक्त अर्धा तास भरभर चालला, तर एका दिवसाच्या सव्वाशेपेक्षा थोड्या कमीच भरतील. ट्रेकपुढे हे किरकोळ वाटते. पण ट्रेक महिन्यातून एकदा, आणि चालणे महिन्यातले बावीस दिवस. बावीस दिवसांचे अडीच हजारांच्या घरात जातात. शिवाय ट्रेक करणारा खाली उतरल्यावर भुकेने दोन वडापाव आणि वर भजी खातो, दोन दिवस मांड्या धरून बसतो. ट्रेक जरूर करा, त्यात आनंद आहे. पण पोट उतरते ते रोजच्या वाटेने.

आणि याच डोंगराकडून एक धडा घेण्यासारखा आहे. चढ. सपाटीवर ज्या वेगाने आपण चालतो, त्याच वेगाने शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर चाललो तर खर्च साधारण दीडपट होतो. धावावे लागत नाही, गुडघ्यांवर आदळआपट होत नाही, श्वास मात्र वाढतो. ज्यांच्या गावाजवळ हलका चढ आहे त्यांना ट्रेडमिलची गरज नाही. उतरताना मात्र सावकाश. गुडघ्यांवर खरा भार उताराला येतो.

इतर व्यायामांचे काय?

धावणे थोड्या वेळात जास्त खर्च करते. पण प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायांवर पडतो. ज्याचे वजन मुळात जास्त आहे, त्याने धावण्यापासून सुरुवात करणे म्हणजे पहिलीच्या मुलाला दहावीच्या परीक्षेला बसवणे. आधी तीन महिने चालावे, मग चालता चालता एकेक मिनिट धावून पाहावे.

दोरीवरच्या उड्या हा फार जोरकस व्यायाम आहे. तरुणांसाठी उत्तम, जागा कमी लागते. पण चाळिशी ओलांडलेल्या, दोन-तीन बाळंतपणे झालेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या भगिनींनी त्याने सुरुवात करू नये.

सायकल गुडघ्यांना सोसते आणि कामाच्या ठिकाणी जायलाही उपयोगी. खालापूर, खोपोलीकडे कारखान्यात पाळीवर जाणाऱ्यांचा रस्ता रहदारीचा असेल, तर मात्र सायकलीपेक्षा सुटी झाल्यावर मैदानात चालणे सुरक्षित. पोहणे सांध्यांना सर्वांत हलके. पण ते तलावात, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली. पावसाळ्यात उल्हास नदीत उतरून व्यायाम करण्याचे धाडस कोणीही करू नये.

जिना हा गरिबाचा डोंगर. १९५३ साली डॉ. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, तिकिटे फाडत जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. तेच मालक, तेच रस्ते, तीच गाडी. फरक बसण्याचा आणि चढण्याचा. आपल्या इमारतीत लिफ्ट असेल तर हे आठवावे.

थांबून थांबून जोर लावण्याचा 'हिट' प्रकार सध्या मोबाइलवर गाजतो आहे. वीस सेकंद पूर्ण जोर, दहा सेकंद विश्रांती, असा त्यातला प्रसिद्ध प्रयोग जपानच्या इझुमी ताबाता यांनी १९९६ साली मांडला. तो व्यायामाची सवय असलेल्या तरुणांवर होता, आणि दमसास वाढवण्यासाठी होता. ढेरी उतरवण्यासाठी नव्हे. एकूण मेहनत सारखी असेल तर हिट आणि भरभर चालणे यांनी चरबी जवळपास सारखीच उतरते. हिटने वेळ वाचतो, एवढाच त्याचा फायदा. त्याचा घरगुती अवतार सगळ्यांना जमण्यासारखा आहे: विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जोरात चालायचे, पुढच्या खांबापर्यंत सावकाश. असे दहा फेरे.

नमाजने व्यायाम होतो का, असेही काही जण विचारतात. नमाज ही इबादत आहे, तिला कॅलरीच्या तराजूत घालू नये. रुकू-सजद्यात अंग हलते, सांधे मोकळे राहतात, हे खरे. पण त्याने श्वास वाढत नाही, म्हणून चालण्याच्या जागी ती धरता येणार नाही. मात्र नमाजच्या वेळा दिवसाला जी शिस्त देतात तिचा फायदा घेता येतो. फजरनंतर थेट अंथरुणाकडे न वळता अर्धा तास रस्त्याकडे वळावे. मशीद जवळ असेल तर जाताना सरळ आणि येताना लांबच्या वाटेने यावे. रमजानमध्ये दिवसा जोराचा व्यायाम नको. इफ्तारच्या आधी थोडे सावकाश चालणे किंवा तरावीहनंतरची एक फेरी पुरे.

ताटाशी भांडण नको, पण हिशेब हवा

आता जरा कडू गोष्ट. एका वडापावात अंदाजे तीनशे कॅलरी असतात. तो कर्जत स्टेशनवर पाच मिनिटांत संपतो. उतरवायला सव्वा तासाहून अधिक भरभर चालावे लागते. एक किलो चरबी म्हणजे जवळजवळ ७,७०० कॅलरी. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, वर्षभर चाललो आणि खाणे एका घासाने वाढवले नाही, तर कागदावर साडेतीन ते चार किलो चरबी उतरते. ही लहान गोष्ट नाही. पण चाललो म्हणून रोज एक जादा करंजी खाल्ली, तर ती सगळी मेहनत पुसली जाते.

म्हणून व्यायामाबरोबर तीन साधे बदल करावेत. चहातली साखर निम्मी. तांदळाची भाकरी आणि भात एकाच जेवणात नको. एक घ्या, दुसरे सोडा. मासळी, अंडी, डाळ यांचा वाटा वाढवा आणि तळणाचा कमी करा, म्हणजे स्नायूंना खुराक मिळेल. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवण्याची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दावतीत बिर्याणीचे ताट समोर आल्यावर ती आठवली, तर निम्मे काम झाले. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तर रक्तातली साखरही कमी चढते.

भगिनींची अडचण

पुरुषांना सल्ला देणे सोपे आहे. घरातल्या बाईला मात्र दोन उत्तरे ठरलेली मिळतात: "दिवसभर घरात राबतेस, तोच व्यायाम" आणि "रस्त्यावर चालायला गेलीस तर लोक काय म्हणतील?" पहिल्याचे उत्तर असे की घरकामाने थकवा येतो, पण श्वास वाढलेला सलग क्वचितच राहतो. थकणे आणि व्यायाम होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याचे उत्तर घरातल्या पुरुषांनी द्यायचे आहे. तिच्या औषधांची पिशवी आणायला आपण जातो, तर अर्धा तास तिच्याबरोबर चालायला काय हरकत आहे? चार-पाच जणी मिळून निघाल्या तर भीतीही राहत नाही आणि नेमही मोडत नाही. बुरख्यात चालताना कापड हलके असावे, पायघोळ अडकणार नाही इतके वर असावे, आणि पायात चपलेऐवजी बूट असावेत.

ज्यांना बाहेर पडणे शक्यच नाही, आणि जून ते सप्टेंबर आमच्याकडे जो पाऊस कोसळतो त्या दिवसांत सगळ्यांनाच, घरात करता येईल असे काही हवे. जागच्या जागी गुडघे वर उचलत चालणे, दाराच्या पायरीवर चढउतार, गच्चीवर किंवा पडवीत फेऱ्या. दहा-दहा मिनिटे दिवसातून तीनदा केले तरी तेवढेच मोजले जाते. ताकदीसाठी आठवड्यातून दोन दिवस: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दहा वेळा दंड, पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या हातात घेऊन वर-खाली. प्रत्येकी दोन-तीन वेळा. स्नायू टिकले तर उतरलेली चरबी परत येताना अडखळते.

कसे सुरू करावे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ठरवून दिलेले माप असे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम जोराचा व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस, आणि दोन दिवस ताकदीचा. तब्येत राखायला दीडशे मिनिटे चालतात. चरबी ठळकपणे उतरवायची तर अडीचशेकडे जावे लागते. पण पहिल्याच दिवशी अडीचशेचा ध्यास नको.

पहिले दोन आठवडे रोज पंधरा मिनिटे, गाता येणार नाही अशा वेगाने. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वीस. दुसऱ्या महिन्यात तीस, आणि ताकदीचे दोन दिवस सुरू. तिसऱ्या महिन्यात चाळीस ते पन्नास, त्यात खांबांचे फेरे किंवा चढाचा तुकडा. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत आटोपावे. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चालावे, अंधारात विजेरी घ्यावी.

ज्यांना हृदयविकार आहे, शुगर-बीपी ताब्यात नाही, किंवा चाळिशीनंतर प्रथमच व्यायामाला लागत आहेत, त्यांनी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावे. चालताना छाती आवळली, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबावे आणि "अपचन असेल" म्हणून घरी न जाता दवाखाना गाठावा. शुगरच्या रुग्णांनी खिशात खडीसाखर ठेवावी आणि रोज रात्री तळपाय तपासावेत. बूट चावल्याची जखम त्यांना कळत नाही.

चाचांना आम्ही ट्रेडमिलचा हप्ता तीन महिने लांबवायला सांगितले आहे. तीन महिने रस्त्यावर नेमाने चाललात तर खुशाल घ्या, पावसात उपयोगी पडेल. नाही चाललात, तर ती कपडे वाळत घालायलाच लागेल. हीच गोष्ट प्रत्येक नव्या व्यायामाला लागू आहे. त्याने किती चरबी जळते, हा दुसरा प्रश्न. पुढच्या वर्षी याच महिन्यात मी तो करत असेन का, हा पहिला.

आज घरातली टेप काढा, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या कमरेचा घेर मोजा आणि कॅलेंडरच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पुन्हा मोजा. हे शरीर आपल्याकडे अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब ठेवावा लागतो. तीन महिन्यांनी घेर दोन-चार सेंटिमीटर जरी उतरला, तरी इन्शाअल्लाह समजा की आपण योग्य वाटेवर आहोत.